गावच्या पाणीयोजनेला सामुदायिक सौर: थेट पंप की नेट मीटर? (कवठे महांकाळ तालुका)

अग्रणीकाठ

मंडळी, सल्ला हवाय. ४२० उंबऱ्यांचं गाव, लोकसंख्या २,१०० च्या घरात. योजनेची विहीर अग्रणीकाठी, तिथून १.६ किलोमीटरवर गावातली ५० हजार लिटरची उंच टाकी. मधली पाइप ११० एमएम पीव्हीसी. विहिरीत १० एचपीचा तीन फेज सबमर्सिबल, स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा), रोज पाचेक तास चालतो. उन्हाळी पाणीपातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत उभं अंतर ४८ मीटर. गावात २४ वॉटचे ९० एलईडी पथदिवे आहेत, त्यांचा मीटर वेगळा.

पाणीपट्टी वेळेत येत नाही, बिल थकतं, जोडणी तुटते आणि गाव टँकरवर जातं. म्हणून गावानं मिळून सौर करायचं असं ग्रामसभेत बोलणं झालंय. पण तीन तट पडलेत. एकांचं म्हणणं, शाळेच्या छतावर पॅनल टाकून नेट मीटर (लाइनवर सोडलेली सौर वीज बिलातून वजा करणारा) घ्या. दुसरे म्हणतात, विहिरीवरच थेट सौर पंप करा. तिसऱ्यांना घरटी ५,००० रुपये काढून सोसायटी स्थापायची आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेची सबसिडी मिळेल असंही कुणीतरी सांगितलंय. कुठनं सुरुवात करावी?

---

पंपमिस्त्री_मिरज

सोसायटी, सबसिडी हे सगळं नंतर. आधी विहिरीवरच्या खांबाकडं बघा आणि सांगा, पंपाची जोडणी गावठाण फीडरवर (गावातल्या घरांची लाइन) आहे की शेती फीडरवर (शेतीपंपांची लाइन)?

नदीकाठच्या विहिरी बहुतेक शेती फीडरवर असतात. तिथं तीन फेज दिवसातून आठ-दहा तास, तीही पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. नेट मीटरवाला इन्व्हर्टर ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची लाइन, चालू असेल तरच चालतो. लाइन गेली की तो स्वतःहून बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात भर उन्हात पॅनल नुसती तापत राहणार आणि मीटरमध्ये एक युनिट जमा होणार नाही. वीस वर्षांचा हिशोब मांडून दाखवणारे कोटेशनवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरला फीडर कळत नाही.

शाळेच्या छताचं म्हणाल तर तिथून विहीर दीड किलोमीटर लांब, तेव्हा थेट पंपाला ते छत बिनकामाचं. आणि शाळेचा मीटर वेगळा, पंपाचा वेगळा. साध्या नेट मीटरवर शाळेवर बनलेली वीज शाळेच्या बिलात वळती होणार, पंपाच्या नाही.

---

ग्रिडवाला_विटा

मिस्त्रींचं फीडरबद्दलचं खरं आहे, पण नेट मीटर एकदम मोडीत काढू नका. जोडणी गावठाण फीडरवर असेल तर तोच चांगला. टाकी भरल्यावर जादा वीज वाया जात नाही, ढगाळ दिवशी पंप पूर्ण जोरात चालतो आणि आहे त्या मोटर-स्टार्टरला हात लावावा लागत नाही.

फक्त एक मेख आहे. नेट मीटरखाली सौर क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त घेता येत नाही. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट. आपल्याकडं एक किलोवॉटमागं वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट धरा, म्हणजे रोजची ३० युनिट. तुमचा पंप मोटरची कार्यक्षमता धरून ८.८ किलोवॉट ओढतो, पाच तासांचे झाले ४४ युनिट. बिल दोन-तृतीयांशानं उतरेल, शून्य होणार नाही. शिवाय स्थिर आकार तसाच राहतो. गावाला "बिल शून्य" असं सांगून वर्गणी गोळा केलीत तर पहिल्याच बिलाला भांडण.

पथदिव्यांना तर ही मर्यादा जास्तच नडते. ९० गुणिले २४ म्हणजे २.१६ किलोवॉट भार. रात्रीचे ११ तास धरले तर रोजची जवळजवळ २४ युनिट लागतात, आणि सौर बसवता येणार २.१६ किलोवॉट, म्हणजे साडेआठ युनिट. त्यापेक्षा आधी टायमर किंवा फोटोसेल बसवा. दिवे दिवसाढवळ्या जळत असतील तर तीच वीज फुकट वाचते. खांबावरच्या सुट्या सौर दिव्यांच्या नादाला शक्यतो लागू नका. तीन-चार वर्षांनी बॅटरी जाते आणि खांबावर चढून ती बदलायला कुणी येत नाही.

नेट मीटर घ्याल तेव्हा पंपहाऊसमधला न्यूट्रल तपासा. मोटरला न्यूट्रल लागत नाही, त्यामुळं तो तुटलाय हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. इन्व्हर्टर लावला की एका फेजवर १९० आणि दुसऱ्यावर २७० व्होल्ट दिसतात आणि तो सारखा ट्रिप होतो. मग दोष इन्व्हर्टर कंपनीला.

---

अग्रणीकाठ

दोघांचे आभार. लाइनमनला विचारलं, जोडणी शेती फीडरवरच आहे. गावठाण फीडरची लाइन विहिरीपर्यंत ओढायची तर मधे दीड किलोमीटर खांब. मग थेट सौर पंपच करायचा का? एका विक्रेत्यानं ५४० वॉटची १६ पॅनल आणि १० एचपीचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असं कोटेशन दिलंय. "आहे तीच मोटर चालेल" म्हणतो.

---

पंपमिस्त्री_मिरज

मोटर तीच चालेल, पण १६ पॅनलवर गाव तहानलेलं राहील. का ते सांगतो.

व्हीएफडी ऊन कमी असलं की मोटरची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून उतरवतो, म्हणजे वेग कमी करतो. फ्रिक्वेन्सी उतरली की पंपाचा दाब वर्गाच्या प्रमाणात पडतो. तुमच्या पाइपमध्ये सेकंदाला सात लिटरला साधारण १२ मीटर घर्षण जातं, म्हणजे एकूण हेड (पंपानं पेलायची उंची) ६० मीटर. असा पंप पाणी न सोडता, व्हॉल्व्ह बंद धरून, ७५ मीटरच्या आसपास दाब देत असेल असं धरा (नेमका आकडा पंपाच्या कर्व्हवर, म्हणजे कंपनीच्या आलेखावर, मिळेल). ४० हर्ट्झवर तो ७५ चा ४८ मीटर होतो. म्हणजे तुमची उभी उंचीच. ४० हर्ट्झच्या खाली मोटर फिरते, आवाज येतो, वीज खाते, टाकीत थेंब पडत नाही. पाणी आतल्या आत घुसळून पंप तापतो तो वेगळाच. म्हणून किमान फ्रिक्वेन्सी ४१-४२ ला बांधा, त्याखाली पंप झोपलेला बरा.

आता ५४० ची १६ म्हणजे ८.६४ किलोवॉट. ४० हर्ट्झला चार किलोवॉटच्या आसपास लागतात, तेवढे मिळायला निम्मं ऊन हवं. सकाळी साडेनऊपर्यंत पाणी नाही, दुपारी तीननंतर पुन्हा नाही. सरकारी सौर पंपाच्या मानकात १० एचपीला ९,००० वॉट पॅनल धरलेली आहेत, आणि तीही शेतीसाठी, जिथं आज पाणी कमी आलं तर उद्या देता येतं. पिण्याच्या योजनेला १२ ते १३ किलोवॉट धरा.

अडचण अशी, की सिरीजमध्ये (एकामागं एक जोडलेल्या एका माळेत) १६ च हवीत. ४१५ व्होल्टची मोटर पूर्ण वेगानं फिरवायला डीसी बाजूला ५८७ व्होल्ट लागतात. एका पॅनलचे चालू व्होल्ट ४१ धरले तर १६ चे ६५६, पण मे महिन्यात काचेखाली ६५ अंश तापमान असताना त्यातले १४ टक्के जातात, उरतात ५६४. मोटर ४८ हर्ट्झच्या आसपास अडते, चालतं. १४ पॅनल लावली तर भर दुपारीच पंप मरगळतो. उलट जास्त लावली तर जानेवारीत पहाटेच्या थंडीत ओपन सर्किट व्होल्टेज (पंप चालू नसतानाचं) वर जातं. १६ चं ते १० अंशाला ८१५ व्होल्टपर्यंत पोचतं. व्हीएफडीवर कमाल ८०० लिहिलं असेल तर घेऊ नका, ८५० किंवा वर बघा. ५४० वॉटच्या १६-१६ च्या दोन माळा केल्या तर १७ किलोवॉट होतात, उगाच खर्च. म्हणून ४०० वॉटच्या आसपासची ३२ पॅनल, १६ च्या दोन माळा, १२.८ किलोवॉट. मोठं पॅनल स्वस्त पडतं खरं, पण इथं गणित जमत नाही. एवढ्यावर साडेआठला पाणी सुरू होतं आणि स्वच्छ दिवशी लाख लिटरच्या आसपास टाकीत पडतं. ५५ लिटर दरडोईनं तुमची गरज १ लाख १५ हजार. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येईल. उरलेलं पाणी ग्रिडवर उचलायचं, त्यामुळं वीजजोडणी कायमची तोडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सबमर्सिबल असल्यानं व्हीएफडीत रॅम्प (वेग चढवायचा काळ) नीट बसवून घ्या. पहिले ३० हर्ट्झ एक-दोन सेकंदांत, त्यापुढं सावकाश. सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पापुद्र्यावर फिरतं आणि कमी वेगात तो पापुद्रा तयारच होत नाही. बसवणारे "सॉफ्ट स्टार्ट" म्हणून शून्यापासून तीस सेकंद लावून ठेवतात आणि वर्षात बेअरिंग खातात. ढग आल्यावर पंप झोपला की पुन्हा उठायला पाच मिनिटांचा विलंब द्या, नाहीतर १.६ किलोमीटरच्या पाइपमधलं पाणी मागं येऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळत राहील. व्हीएफडी ते मोटर केबल ५० मीटरच्या वर जात असेल तर मधे आउटपुट फिल्टर हवाच, कोटेशनात तो नसतो. नसला की मोटरचं वाइंडिंग पंक्चर होतं आणि गाव म्हणतं सौरनं मोटर जाळली.

ड्राय रन संरक्षण (पाणी आटलं की पंप बंद करणारं) ठरावीक अँपिअरवर लावू नका. सौरवर अँपिअर उन्हाबरोबर बदलतात, सकाळी विनाकारण ट्रिप होईल. विहिरीत फ्लोट स्विच टाका, सगळ्यात भरवशाचा.

---

ग्रिडवाला_विटा

मिस्त्रींच्या हिशोबाला एक जोड. टाकी ५० हजाराची आणि रोज लागतं १ लाख १५ हजार. ग्रिडवर पहाटे टाकी भरून सकाळी नळ सोडायची सवय असेल, ती सौरवर चालणार नाही. टाकी अकरा-साडेअकराला भरणार. तेव्हा नळ सोडले नाहीत तर दुपारचं सगळ्यात चांगलं ऊन वाया. गावाचे दोन भाग करा. एका भागाला दुपारी पाणी, दुसऱ्या भागाला दुपारनंतर भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी. शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांना दुपारी घरी थांबणं शक्य नसतं, म्हणून कुठला भाग कधी हे पाणीपुरवठा समितीतल्या महिलांनाच ठरवू द्या. यावर योजना उधळलेल्या आहेत, व्होल्टेजवर नाही.

जागा: ३२ पॅनलला दीड गुंठा पुरतो. दक्षिणेकडं तोंड, १५ ते १७ अंश उतार. पूररेषेच्या वर, पण विहिरीपासून ५० मीटरच्या आत. शेजारी द्राक्षबाग असेल तर ब्लोअरच्या फवाऱ्यातलं बोर्डो काचेवर निळसर थर धरतं, आणि ऊसपट्ट्यात पाचट पेटवलं की काजळी. दहा-पंधरा दिवसांनी धुवावंच लागतं. सकाळी काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि रबरी वायपरनं. बोअरचं क्षारट पाणी वापरलं तर सुकून पांढरे डाग पडतात, ते पुढं घासूनही निघत नाहीत. कपड्याची पावडर नको.

वळवाच्या विजा आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये. वीजरोधक, डीसी बाजू व सांगाडा, आणि एसी बाजू यांची तीन वेगळी अर्थिंग, प्रत्येकी ५ ओहमच्या आत. हे माप मे महिन्यात घ्या, पावसाळ्यात मुरूमसुद्धा चांगला आकडा दाखवतो. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या केबल जोडणारे) दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे असावेत. वेगवेगळे वरून बसतात, पण आत सैल राहतात आणि दोन वर्षांत वितळतात. काम ताब्यात घेताना दोन्ही माळांचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या. पुढं एका माळेत घट दिसली की ताडून बघायला तोच कागद लागतो.

---

ताळेबंद_तासगाव

पैशाचं बोलू. ४२० घरं गुणिले ५,००० म्हणजे २१ लाख. वर सांगितलेली यंत्रणा कुंपण, फिल्टर, अर्थिंग धरून सात-आठ लाखांत बसायला हवी. मग २१ लाख कशाला गोळा करताय? घरटी दोन हजारांत ८ लाख ४० हजार होतात. त्यात १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच्या) निधीतला पिण्याच्या पाण्याचा शिल्लक भाग घालता आला तर आणखी कमी.

सूर्यघर योजना घरगुती छतांसाठी आहे. एका घराला ३ किलोवॉटला कमाल ७८,००० रुपये मिळतात, ग्रामपंचायतीच्या पंपाला त्यातून काही नाही. त्याच योजनेत जिल्ह्याला एक आदर्श सौरग्राम निवडून एक कोटी देण्याची तरतूद आहे, पण स्पर्धेत उतरायला लोकसंख्या ५,००० च्या वर लागते. तुमच्या गावाला दार बंद.

सोसायटीची कल्पना वाईट नाही, चुकीच्या जागी आहे. सहकारी संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद, तालुक्याच्या निबंधक कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. एवढा व्याप बाहेर वीज विकून उत्पन्न येणार असेल तर शोभतो. तुमचा पंप काही विकणार नाही, फक्त बिल वाचवणार. आणि ज्यानं वर्गणी दिली तो भागधारक म्हटलं, तर ज्यानं दिली नाही त्याचं पाणी तोडणार का? वर्गणी दिली नाही म्हणून पिण्याचं पाणी तोडता येत नाही. म्हणून मालकी ग्रामपंचायतीची ठेवा, मालमत्ता नोंदवहीत नोंद करा, आणि पैसा लोकवर्गणी म्हणून पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या खात्यात घ्या. पॅनल कुणाच्या खासगी रानात उभी राहणार असतील तर स्टॅम्पवरच्या साध्या कागदावर भागवू नका. नोंदणीकृत भाडेपट्टा किंवा बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर नोंद घ्या. दिलदार मालकाची पुढची पिढी तशीच असेल असं नाही.

खरा धोका पुढं आहे. बिल उतरलं की पाणीपट्टी थकायला लागते, कारण "आता वीज फुकट आहे, पट्टी कशाला". मग चार वर्षांनी व्हीएफडी जातो आणि खात्यात खडखडाट. पाणीपट्टी कमी करू नका. उलट तिच्यातून घरटी महिन्याला १० रुपये दुरुस्ती निधी वेगळा काढा. ४,२०० महिन्याला, वर्षाला ५०,४००, पाच वर्षांत अडीच लाख. व्हीएफडी, मोटर रिवाइंडिंग आणि गारपिटीत फुटलेली चार पॅनल एवढ्यात निभावतात. विमा घ्याल तर त्यात चोरी वेगळी लिहून घ्या, तांब्याच्या डीसी केबलवर डोळा असतोच.

कोटेशनात सौर साहित्यावर १२ टक्के जीएसटी दिसला तर तो जुना आहे. सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. साहित्य ७० आणि काम ३० टक्के धरून पूर्ण कंत्राटावर एकूण ८.९ टक्के पडतो. शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा गेल्यावर द्या, करारात तसं लिहा.

---

माणदेशी_खटाव

थोडं विषयांतर. आमच्याकडं बारा खातेदारांची सामाईक विहीर आहे, साडेसात एचपीचा पंप. अशीच वर्गणी काढून सौर करावं का? आणि पाटणच्या मान्याचीवाडीसारखं सगळं गावच सौर करता येईल का?

---

ताळेबंद_तासगाव

@माणदेशी_खटाव, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे, योजना मार्च २०२९ पर्यंतची. म्हणजे बिल वाचणार शून्य. तुम्हाला सौर हवं असेल तर दिवसा पाणी मिळावं म्हणून, आणि ती किंमत बारा जण मिळून मोजायला तयार आहेत का ते आधी विचारा. साडेसात एचपीच्या वर असाल तर गणित वेगळं.

मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम जाहीर झाली. गाव शंभरेक घरांचं, एकविचाराचं, आणि सौर प्रत्येकाच्या छपरावर. तिथं यंत्रणा घरोघरची आहे, सामाईक कारभार कमी. मोठ्या गावानं त्यांचा आकडा बघण्यापेक्षा त्यांची एकी बघावी.

कुणी केंद्राच्या कुसुम योजनेतला, वीज विकायचा ५०० किलोवॉटचा प्रकल्प सुचवेल. उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत अडीच एकर, दोन कोटींच्या आसपास गुंतवणूक आणि युनिटला तीनेक रुपये दर. पहिल्या घासाला तो नको. गायरान सौर कृषी वाहिनीला (शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या सरकारी योजनेला) दिलं तर ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं मिळतात. मिळतात ते घ्यावेत, पण त्याला गावाच्या मालकीचा प्रकल्प म्हणू नये. जागा गावाची म्हणून मालकी गावाची होत नाही: वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाटण तालुक्यात आहेत, मालक तालुक्याबाहेरचे.

---

अग्रणीकाठ

बरंच स्पष्ट झालं. ३२ पॅनल, मालकी ग्रामपंचायतीची आणि दोन हजार वर्गणी असा ठराव मांडतो. शेवटचा प्रश्न: पावसाळ्यात ग्रिडवर जायचं तर जुना स्टार-डेल्टा स्टार्टर तसाच ठेवायचा का? ऑपरेटरला साधं काय पडेल?

---

पंपमिस्त्री_मिरज

स्टार्टर ठेवा. मोटरच्या सहा वायरी वर येतात, त्या एका बाजूला स्टार्टरकडं आणि दुसऱ्या बाजूला कायम डेल्टा जोडून व्हीएफडीकडं. मधे चेंजओव्हर (ग्रिड की सौर ते बदलणारा स्विच) असा हवा की एक बाजू लागण्याआधी दुसरी सुटलेलीच असेल, यांत्रिक इंटरलॉकसकट. दोन साधे स्विच लावून "एक बंद कर मग दुसरा लाव" असं ऑपरेटरवर सोडू नका. ग्रिडची वीज व्हीएफडीच्या आउटपुटवर एकदा जरी गेली तरी तो तिथंच उडतो आणि वॉरंटीत बसत नाही.

मोटरच्या टर्मिनलला लावलेला कपॅसिटर काढून स्टार्टरच्या आत, ग्रिडच्या बाजूला घ्या. व्हीएफडीच्या आउटपुटला कपॅसिटर राहिला तर पहिल्याच दिवशी ओव्हरकरंट दाखवून बंद पडेल. आणि चेंजओव्हर सौरकडं फिरवल्यावर फिरण्याची दिशा तपासा. फेज उलटले तर सबमर्सिबल उलटा फिरूनही थोडं पाणी देतो, गेज बघितल्याशिवाय कळत नाही. हेडरवर (विहिरीवरच्या मुख्य पाइपवर) प्रेशर गेज नसेल तर तो आधी बसवा, चारशे-पाचशे रुपयांचा असतो.